घरातून सुरू झालेली दारूबंदी : संत गाडगेबाबा

पाठशाळेत जाणाऱ्या जैन बालकाला सप्तव्यसनांची नावे लिहिता-वाचता येण्याच्या आधीच तोंडपाठ होतात. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाचे आठ मूलगुण सांगताना मद्य, मांस आणि मधु यांच्या त्यागाला पाच अणुव्रतांच्या पंक्तीत बसविले आहे. ज्या घरात हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथे दारूला नकार देण्यास विशेष धैर्य लागत नाही. परंतु ज्या घरात देवाच्या नैवेद्यातच दारू होती, जेथे पाहुण्याला पेला न देणे हा पाहुण्याचा अपमान समजला जाई, तेथे उभे राहून नकार देणे म्हणजे काय असते, हे समजून घ्यायचे असेल तर वऱ्हाडातील एका परटाच्या मुलाचे चरित्र पाहावे लागते.

गाडगेबाबा जैन नव्हते आणि त्यांना तसे ठरविण्याचे काही कारण नाही. त्यांनी श्रावकाचाराचे ग्रंथ पाहिले नव्हते. अक्षरओळखही जेमतेमच होती. तथापि मद्यत्याग, जीवदया आणि अपरिग्रह या तीन गोष्टी त्यांनी आयुष्यभर ज्या निष्ठेने पाळल्या व हजारोंकडून पाळवून घेतल्या, त्या पाहता आपल्या समाजाने त्यांचे स्मरण करणे उचितच ठरेल. आज त्यांचे नाव घेतले की खराटा डोळ्यांपुढे येतो. शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले, त्यामुळे ते चित्र अधिकच पक्के झाले. मात्र त्यांच्या कार्याचा उगम गावच्या कचऱ्यात नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या घरात शिरलेल्या दारूत होता.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जानोरकर आणि सखुबाई या परीट दांपत्याच्या पोटी डेबूजीचा जन्म झाला. घर अगदीच दरिद्री नव्हते. परंतु त्या काळच्या अनेक जातींप्रमाणे या समाजातही देवकार्य म्हटले की बोकड आणि बोकडाबरोबर दारू हे ठरलेलेच असे. लग्न असो, बारसे असो वा तेरावे असो, पंगत बसली की पेला फिरे. झिंगराजी मुळात व्यसनी नव्हते. नातेवाइकांच्या आग्रहाने, देवाच्या निमित्ताने पहिला घोट पोटात गेला. पुढे निमित्ताची गरज उरली नाही. घरातील चीजवस्तू गेली, प्रकृती गेली आणि १८८४ च्या सुमारास, डेबूजी आठ वर्षांचा असताना, झिंगराजींनी देह ठेवला. मृत्युशय्येवर त्यांना आपल्या चुकीची जाणीव झाली आणि मुलाला या दारूपासून व दारू मागणाऱ्या देवदेवतांपासून दूर ठेवण्यास त्यांनी पत्नीला बजावले, असे चरित्रकार सांगतात.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. झिंगराजींना दारू गुत्त्यावर भेटली नाही. ती आप्तांच्या पंगतीत, वडीलधाऱ्यांच्या हातून आणि धर्माच्या नावाने भेटली. व्यसनी माणसाला पुढे जग दोष देते. पण त्याच्या हाती पहिला पेला देणारा बहुधा त्याचा जवळचाच कोणी असतो. डेबूजीने हे लहानपणीच पाहिले, आणि पुढे त्याने जो उपाय केला तो नेमका याच जागी केला.

पतीच्या मृत्यूनंतर सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आल्या. मामा चंद्रभान यांची चांगली शेती होती. डेबूजी गुरे राखू लागला, नांगर धरू लागला, पूर्णेच्या पुरात पोहू लागला. रात्री भजनाची मंडळी जमवून तो गात असे आणि जातीपातीचा विचार न करता सर्वांना बरोबर बसवीत असे. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. एवढे सारे सुरळीत चालले असताना घरावर दुसरे संकट आले, ते कर्जाचे. मामाला लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराच्या कागदावर अंगठे उमटत गेले, व्याज वाढत गेले आणि एके दिवशी चांगली जमीन हातची गेली. त्या धक्क्याने मामा खचले व गेले. घराचा सारा भार डेबूजीवर आला.

व्यापारी समाजातील वाचकाने हा प्रसंग वाचताना डोळे मिटून पुढे जाऊ नये. त्या काळी गावोगावी पेढी व चोपडी कोणाच्या हाती होती, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रामाणिक सावकार नव्हते असे नाही. अडल्या कुणब्याचे बी-बियाणे त्यांच्याच उधारीवर उभे राहत असे. परंतु अंगठा घेताना कागद वाचून दाखविणारे किती होते, हा प्रश्न उरतोच. गाडगेबाबांनी पुढे प्रत्येक कीर्तनात कर्ज काढू नका आणि मुलांना शिकवा या दोन गोष्टी एकापाठोपाठ एक सांगितल्या, त्यामागे मामाचा तो अंगठा होता.

दारू आणि कर्ज ही डेबूजीच्या दृष्टीने दोन वेगळी दुखणी नव्हती. दोन्ही एकाच दिवशी घरात येत. जातीला जेवण घालायचे म्हणून कर्ज काढायचे, आणि त्या कर्जातून बोकड व दारू आणायची. एका पंगतीचे कर्ज फेडण्यात वर्ष जाई, आणि त्या पंगतीत लागलेली सवय फेडण्यात आयुष्य जाई.

अशा परिस्थितीत डेबूजीच्या घरी मुलगी जन्माला आली. बारशाला जातभाई जमले. प्रथेप्रमाणे मांस व दारूची पंगत अपेक्षित होती आणि ती द्यायची नाही असे डेबूजीने ठरविले होते. त्याने पाहुण्यांना गोडाधोडाचे जेवण वाढले. आज हे वाक्य वाचताना त्यात काही विशेष वाटत नाही. त्या दिवशी मात्र तो जातीच्या रूढीला उघड नकार होता. पाहुणे नाराज झाले, कुरबूर झाली, देवाचा कोप होईल असे भय दाखविले गेले. डेबूजी मागे हटला नाही. त्याने कोणाला व्यसनी म्हटले नाही, उपदेशाचे भाषणही केले नाही. आपल्या घरच्या पंगतीत काय वाढायचे ते आपण ठरवायचे, एवढेच त्याने करून दाखविले. महाराष्ट्रातील दारूबंदीचा इतिहास लिहिताना १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे झालेल्या निरोधनाचा उल्लेख येतो आणि तो यावयासच हवा. दापुऱ्याच्या त्या बारशाचा उल्लेख मात्र अशा इतिहासात क्वचितच आढळतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हाती काठी आणि एक फुटके गाडगे. जेवणही त्यातच आणि पाणीही त्यातच. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. काही भागांत चिंध्यांवरून गोधडीबाबा असेही नाव पडले. नव्या कापडाचा सोस त्यांना कधी झाला नाही. कोणी नवे वस्त्र दिलेच तर ते दुसऱ्या गरजवंताच्या अंगावर जाई. गावात शिरले की खराटा घेऊन रस्ते झाडायचे, काम केल्यावाचून भाकरी घ्यायची नाही, भाकरीही चार घरची थोडी थोडी, आणि कोणी पाया पडू लागला तर त्याला दूर करायचे. मुनींची पिच्छी वा ओघा जीवरक्षणासाठी असतो आणि बाबांचा खराटा गाव स्वच्छ करण्यासाठी होता, हा भेद खराच. तथापि जमिनीकडे पाहत चालणारा आणि थोडक्यावर निर्वाह करणारा साधू जैन माणसाला परका वाटत नाही.

आरंभीच्या काळात त्यांचे लक्ष ऋणमोचन या तीर्थाकडे गेले. पूर्णा नदीच्या काठी असलेल्या या ठिकाणी पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरे. नदीकाठ निसरडा असल्याने भाविक पडत. बाबांनी एकट्याने माती टाकून वाट करण्यास सुरुवात केली, मग लोक हातभार लावू लागले आणि पुढे तेथे घाट उभा राहिला. ज्याच्या मामाची जमीन ऋणापायी गेली त्याने ऋणमोचनाच्या काठावर समाजकार्याला आरंभ करावा, हा योग चरित्र वाचताना मनात रेंगाळतो. यात्रेत त्यांनी अपंगांना व गरिबांना अन्नदान सुरू केले. त्या अन्नात मांस नव्हते आणि त्या यात्रेत दारूला त्यांची संमती नव्हती. जेथे पूर्वी नवसाचा बोकड कापून पंगत बसे तेथे डाळ-भाताची पंगत बसू लागली, की दारूला बसायला जागाच उरत नाही. ही त्यांची रीत पुढे अनेक ठिकाणी दिसते. ते केवळ नको म्हणत नसत. नको म्हटलेल्या वस्तूच्या जागी दुसरे काहीतरी ठेवीत.

बाबांचे खरे शस्त्र कीर्तन हे होते. दिवसभर गाव झाडून झाले की रात्री ते त्याच चौकात उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे पूर्वरंग-उत्तररंगाचे शास्त्रशुद्ध कीर्तन नव्हे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. देव बोकड खातो का, सारे जीव त्याचीच लेकरे असतील तर आपले लेकरू कोणती आई खाईल, असे प्रश्न येत, आणि सारा समुदाय एका आवाजात नकार देई. त्याच ओघात दारूचा विषय निघे. दारूने कोणाचे घर वर आले आहे का, अशा धर्तीचा प्रश्न पडला की हजारो माणसांच्या तोंडून एकच उत्तर बाहेर पडे. मध्येच गोपाळाच्या नावाचा गजर होई, टाळ्या वाजत आणि पुन्हा प्रश्न सुरू होत.

या पद्धतीतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. एखाद्या मद्यप्याला एकट्याला गाठून उपदेश केला तर तो तेवढ्यापुरता मान डोलावतो. परंतु आपल्या बायकामुलांसमोर, भाऊबंदांसमोर, जातीच्या पंचांसमोर त्याने स्वतःच्या तोंडाने दारू वाईट असे म्हटले, आणि पंचांनीही तेच म्हटले, की दुसऱ्या दिवशी त्याला पेला पुढे करण्यास पंचही धजत नाहीत. व्यक्तीने प्रतिज्ञा घ्यावी आणि समाजाने ती ऐकलेली असावी, या दोन्ही गोष्टी एका रात्रीत साधत. जैन परंपरेत गुरूंसमोर आणि संघाच्या साक्षीने पच्चक्खाण घेतले जाते, त्यामागेही काही अंशी हेच तत्त्व नाही काय? विशेष म्हणजे बाबा मद्यप्याची टिंगल करीत, पण त्याचा तिरस्कार करीत नसत. त्यांच्या वडिलांचा चेहरा त्यांना प्रत्येक मद्यप्यात दिसत असावा. कीर्तन संपले की जयजयकार होण्यापूर्वी ते अंधारात गाव सोडून निघून जात.

ज्या गोष्टीचा उल्लेख टाळणे सोयीचे वाटेल, तिचा उल्लेख येथे करणे भाग आहे. अलीकडच्या काळात काही सुखवस्तू घरांच्या लग्नसमारंभांत, मुख्य मंडपात शुद्ध सात्त्विक भोजन आणि हॉटेलच्या दुसऱ्या दालनात बाहेरच्या पाहुण्यांसाठी म्हणून वेगळी व्यवस्था, असा प्रकार कानावर येतो. धंद्याचे संबंध सांभाळावे लागतात, हे कारण पुढे केले जाते. झिंगराजींच्या आप्तांकडेही कारण होतेच. ते देवाचे होते एवढाच फरक. दुसऱ्या दालनाचे दार घरच्या मुलांना बंद असते असे मानणे भोळेपणाचे आहे. तंबाखू व गुटख्याची गोष्टही निराळी नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी मिळायची थांबली नाही. ज्या घरात वडिलांच्या खिशात ती नसते त्या घरातील मुलाचे काम मात्र पुष्कळ सोपे होते.

बाबांच्या वाट्याला दुःखे कमी आली नाहीत. १९२३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद गेला. ही वार्ता त्यांना कोकणात कीर्तन चालू असताना कळली. ते क्षणभर थांबले आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. याकडे कोणी वैराग्य म्हणून पाहतो, कोणी कठोरपणा म्हणून. कुंताबाईंच्या बाजूने पाहिले तर हे चरित्र अधिक अवघड होते. नवरा महाराष्ट्रभर धर्मशाळा उभारीत होता आणि ती माउली मुलींसह झोपडीत दिवस काढीत होती. समाजाच्या पैशातील एक छदामही घरच्यांसाठी वापरायचा नाही, हा बाबांचा नियम होता आणि त्याची किंमत कुंताबाईंनी मोजली. चरित्रांतून त्यांच्यासाठी फारच थोडी पाने खर्ची पडली आहेत.

त्या धर्मशाळांची गोष्ट विश्वस्त मंडळींनी मुद्दाम वाचावी अशी आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आणि मुंबई येथे धर्मशाळा, मूर्तिजापूर येथे गोरक्षण, अनेक ठिकाणी सदावर्ते, शाळा व वसतिगृहे त्यांच्या प्रेरणेने उभी राहिली. पंढरपूरला वारीसाठी येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना उतरण्यास जागा मिळत नसे, म्हणून तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली गेली आणि १९४९ साली तीच वास्तू बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखो रुपये धनिकांनी विश्वासाने दिले. बाबांनी त्या पैशाला स्वतः हात लावला नाही. प्रत्येक संस्थेसाठी विश्वस्त नेमले, रीतसर कागद केले आणि आपल्या नातलगांचा वा वंशजांचा या मालमत्तेवर कोणताही हक्क राहणार नाही अशी तरतूद करून ठेवली. अंगठ्यापायी मामाची जमीन गेलेली पाहिलेल्या माणसाने कागदाचे महत्त्व ओळखले होते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले, ही वाचकांच्या दृष्टीने भाग्याचीच गोष्ट.

जैन समाजाशी त्यांचा एक जिव्हाळ्याचा धागा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रूपाने जुळलेला आहे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि बहुजनांच्या मुलांना कमवा व शिका या मार्गाने शिकविण्याचे व्रत घेतले. बाबांना हा माणूस आपलाच वाटे. कीर्तनात ते लोकांना सांगत की जेवायला ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शाळेत घाला. आणि शाळा काढणाऱ्यांमध्ये भाऊरावांचे नाव त्यांना आदराने आठवे. स्वातंत्र्यानंतर रयतचे सरकारी अनुदान बंद पडले तेव्हा बाबांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झाले. भाऊरावांनीही ही आठवण जपली. १९५४ साली कराड येथे रयतचे महाविद्यालय उघडले तेव्हा त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. ज्याला धड सही करणे कठीण, त्याच्या नावाने पदव्या मिळू लागल्या.

दरम्यान मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. अनेक घरांत पगार घरी येऊ लागला, हे खरे. त्याचबरोबर मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत हातभट्ट्या पेटल्या आणि चोरट्या धंद्यावर काही जण गबर झाले, हेही खरे. कायद्याने दुकान बंद होते, पंगतीतील पेला कायद्याला दिसत नाही. बाबांचे कीर्तन त्या पंगतीत जाऊन पोहोचत होते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले असून आजही ऐकावयास मिळते. समोर दारूबंदीची अंमलबजावणी ज्यांच्याकडे होती ते पोलीस होते, त्यांची कुटुंबे होती. ऐंशी वर्षांच्या, मधुमेहाने जर्जर झालेल्या बाबांनी त्यांनाही तेच सांगितले जे आयुष्यभर गावोगावच्या परटा-कुणब्यांना सांगितले होते. आवाज थकलेला आहे, श्वास मध्ये तुटतो, परंतु प्रश्न विचारण्याची पद्धत तीच आणि समुदायाचे उत्तरही तसेच एका आवाजात येते.

हे त्यांचे अखेरचे मोठे कीर्तन ठरले. प्रकृती झपाट्याने ढासळली. बाबा वऱ्हाडात परतले. त्याच नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला वऱ्हाड मुंबई राज्यात सामील झाले होते. २० डिसेंबर १९५६ रोजी मोटारीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. ज्यांनी कोणाला पाया पडू दिले नाही, त्यांच्या अंत्यदर्शनाला अमरावतीत प्रचंड जनसमुदाय लोटला. त्यांची समाधी तेथे ज्या भागात आहे तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

मुंबईत दादर येथे त्यांच्या मिशनची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावरील उपचारांसाठी दूरदूरहून येणारे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात. त्यांतील कित्येकांचा आजार तंबाखूपासून सुरू झालेला असतो. तेथे त्यांना ती पहिली चिमूट कोणी दिली असे कोणी विचारीत नाही. उतरायला जागा दिली जाते आणि जेवण वाढले जाते.